पोरीचा राग हाताबाहेर चालला आहे. मानसशास्त्रज्ञ नेमकं करतात तरी काय?

कूलरवाला_मानेवाडा | १९ एप्रिल, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, आज पहिल्यांदा लिहून राहिलो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मानेवाड्याला माझं कूलरचं दुकान आहे. गवताच्या ताट्या बदलणं, पंप, मोटर वाइंडिंग, सगळं. होळीपासून मृगापर्यंत मी घरी फक्त झोपायला जातो. हे आधीच सांगतो, कारण बायकोच्या मते खरी गोष्ट तिथंच आहे.

मुलगी तेरा वर्षांची, आठवीची परीक्षा आत्ता संपली. लहानपणापासून तापट. पाच वर्षांची असताना तान्ह्या पोळ्याला शेजारच्या पोराच्या नंदीला बक्षीस मिळालं, तर हिनं आपला लाकडी नंदी पायरीवर आपटून त्याचं शिंग मोडलं. तेव्हा आम्ही हसलो होतो. आता हसायची सोय राहिली नाही. मागच्या महिन्यात मैत्रिणींनी हिला कुठल्याशा ग्रुपमधून काढलं. आईला सांगायला आली, आई पोळ्या लाटत होती, म्हणाली एवढ्याशा गोष्टीसाठी काय रडते. झालं. फोन दुसऱ्या मजल्यावरून खाली. मग दीड तास दार आपटणं, किंचाळणं, स्वतःच्याच डोक्यात हात मारून घेणं. आणि नंतर अर्ध्या तासानं येऊन विचारते, जेवायला काय आहे. आमचे हात तोवर थरथरतच असतात.

गेल्या आठवड्यात बायकोला तिच्या हातावर ओरखडे दिसले. विचारलं तर म्हणाली मांजरीनं ओरबाडलं. आमच्या घरी मांजर नाही.

शाळेतल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला दाखवा. माझी आई म्हणते नजर लागली. साळा म्हणतो लाडावून ठेवली. एका ठिकाणी फोन केला तर पाऊण तासाचे हजार रुपये. मी घरी जाऊन कूलर पाहायचे तीनशे घेतो, पण माझ्यानंतर पंखा तरी फिरतो. नुसतं बोलायचे हजार? बोलतात तरी काय? गोळ्या सुरू करतील काय? शाळेच्या कागदावर येईल काय, पुढे लग्नाच्या वेळी कोणी काढेल काय? आमच्या लहानपणी जास्त मस्ती केली की 'कोराडी रोडला नेऊन सोडीन' म्हणायचे, वेड्यांचं हॉस्पिटल तिकडे आहे म्हणून. ते डोक्यातून जाऊन नाही राहिलं.

ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा, बाप्पा.

आजोबा_अजनी | १९ एप्रिल, रात्री ११:५२

आमच्या मास्तरांनी थंडीत रूळ उलटा करून बोटांच्या पेरांवर मारला आहे. घरी सांगितलं तर वडिलांनी आणखी दोन दिल्या. आम्ही सात भावंडं, एकही बिघडला नाही, एकही डॉक्टरकडे गेला नाही. हजार रुपयांत महिन्याचं दूध येतं. पहिल्यांदा फोन फेकला त्याच दिवशी दोन ठेवून दिल्या असत्या तर धागा काढायची वेळ आली नसती. स्पष्ट बोललो, राग मानू नये.

दोन_पोरांची_आई | २० एप्रिल, सकाळी ७:३५

भाऊ, आम्ही यातून गेलो आहोत. माझा मोठा तेव्हा नऊ वर्षांचा, आम्ही त्रिमूर्ती नगरला राहतो. चावायचा. धाकट्याला, मला, एकदा ट्यूशनच्या बाईंना.

आधी आमचं काय चुकलं ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आम्ही पहिल्यांदा बोटांचे ठसे घेऊन मुलाचा स्वभाव सांगणाऱ्या एकाकडे गेलो. साडेतीन हजार. रंगीत चोपडी दिली, तीस पानांची. त्यात लिहिलं होतं की मुलगा नेतृत्वगुणी आहे. तो त्या आठवड्यात वर्गातल्या दोघांना चावला होता, म्हटलं तर नेतृत्वच.

मग खऱ्या मॅडमकडे गेलो. पहिल्या दिवशी त्यांनी पोराला आणूच दिलं नाही, आम्हा दोघांनाच बसवलं. नवऱ्याला विचारलं, तो चिडतो तेव्हा तुम्ही कुठे असता? नवरा म्हणाला, बहुतेक बाथरूममध्ये जातो. मला तेव्हा हसू आलं आणि घरी येऊन रडू आलं.

दोन आठवडे वही लिहायला लावली. किती वाजता भडकला, त्याच्या आधी काय झालं, नंतर आम्ही काय केलं. एवढंच, मत लिहायचं नाही. नऊ वेळा भडकला, त्यातले सहा शाळा सुटल्यावर आणि ट्यूशनच्या आधी, दुपारी अडीच ते चार. डबा तो खातच नव्हता, वर्गातलं कोणी डब्याला हसायचं म्हणून. आणि 'नंतर काय केलं' या रकान्यात सहापैकी पाच वेळा माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: टीव्ही लावून दिला. आता सांगा कोणाला कोण शिकवत होतं.

मग शाळेतून आल्या आल्या पोहे द्यायला लागले. सगळं पोह्यांनी सुटलं असं नाही. पाच महिने लागले. पण गोळी एकही नाही.

बोलणारी_मावशी | २० एप्रिल, रात्री ९:२०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पश्चिम नागपुरात बसते, अकरा वर्षं झाली. खरं नाव देत नाही, इथे दुकान मांडायचं नाही. मुलं मावशी म्हणतात म्हणून हे नाव.

आधी ओरखड्यांचं. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा. सीझन संपायची वाट पाहू नका, याच आठवड्यात वेळ घ्या. आणि तोवर शांत वेळ बघून तिला एकटीला सरळ विचारा. 'हातावरचं आईनं पाहिलं, मी रागावलो नाही. फार त्रास झाला की तू स्वतःला दुखवतेस का?' उत्तर काहीही येवो, मग दुसरा प्रश्न, वेगळा: 'मरून जावं असं वाटतं का कधी?' विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घुसेल, ही भीती माझ्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक आईबापाला असते. तसं होत नाही, हे बऱ्याच अभ्यासांत तपासून झालं आहे. उलट पोरांचा खांदा खाली येतो, कारण एकटीनं धरून ठेवलेलं ओझं कोणीतरी पाहिलेलं असतं. दोन प्रश्न वेगळे का, तर स्वतःला ओरबाडणाऱ्या सगळ्याच मुलांना मरायचं नसतं. आत जे उसळतं ते खाली आणायचा त्यांना तेवढाच रस्ता सापडलेला असतो. पण म्हणून ते हलकं घ्यायचं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं, किंवा ती गप्प बसली आणि तुमचं मन खाऊ लागलं, तर तिला एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या, झुरळांची औषधं, धारदार वस्तू कुलपात, आणि त्याच दिवशी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला किंवा मिहानच्या एम्सला मनोविकार विभागात न्या. रात्र असेल तर थेट कॅज्युअल्टी. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, केंद्र सरकारचा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. आज रात्रीच फोनमध्ये टाकून ठेवा.

आता तुमचे प्रश्न. गोळ्या मी देऊच शकत नाही. त्या सायकिअॅट्रिस्ट देतात, ते आधी एमबीबीएस झालेले डॉक्टर. झोप पूर्ण उडाली असेल, उदासी महिनोन्महिने असेल, तर मीच त्यांच्याकडे पाठवते आणि मग दोघं मिळून काम करतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असावी लागते. पहिल्या फोनवरच नोंदणी क्रमांक मागा. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. शहरात महिन्याभराचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावणारेही आहेत, आणि वर दोन पोरांच्या आईंनी सांगितलेले ठसेवाले तर आहेतच.

शाळेच्या कागदावर येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता हा हक्कच आहे. तिची शाळा मला फोन करते तेव्हा तुमच्या परवानगीशिवाय मी 'हो, ती येते' एवढंही सांगत नाही. तुमच्यापासूनही थोडं लपवीन. तिला कोण आवडतं, ती आईला मनात काय म्हणते, हे तुम्हाला कळणार नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र त्याच तासाला कळेल, आणि तसं मी तिला पहिल्याच भेटीत तुमच्यासमोर सांगते. लग्नाचं म्हणाल तर ती तेरा वर्षांची आहे.

आता हजार रुपयांत काय होतं. बाहेरून पाहिलं तर फारसं काही होत नाही, हे कबूल. दाराच्या काचेतून कोणी डोकावलं तर मी आणि एक मुलगा सापशिडी खेळताना दिसू. पण अठ्ठ्याण्णववरच्या सापानं गिळल्यावर तो फासा फेकतो, की पट उधळतो, की मावशीच्या सोंगटीकडे बघून हसतो, यातून मला जे कळतं ते 'तुला राग का येतो रे' विचारून सात जन्मांत कळत नाही.

मोठ्या मुलींशी सापशिडी चालत नाही, तिथे कागद लागतो. एकच प्रसंग घेतो आणि त्याची साखळी काढतो, कडी कडी करून. तुमच्या घरचीच घ्या. ग्रुपमधून काढलं, ही पहिली कडी. फोन खाली पडला, ही शेवटची. मधे काय काय असेल? कोणी कोणी पाहिलं असेल हा विचार. पोटात खड्डा. उद्या कोणाशेजारी बसायचं. धावत आईकडे. 'एवढ्याशा गोष्टीसाठी'. आणि मग हात. मी कागदावर मांडते तेव्हा बारा-पंधरा कड्या सहज निघतात आणि पोरं स्वतःच चकित होतात, कारण त्यांच्या मते सगळं एका सेकंदात घडलेलं असतं. पंधरापैकी कुठली कडी पुढच्या वेळी वेगळी वळवता येईल, त्यावर मग आठवडे जातात. ताई वाचत असतील तर सांगते, पोळ्या लाटताना तोंडून निघालेलं ते वाक्य म्हणजे गुन्हा नाही. तव्यावर पोळी असताना मीही घरी तेच म्हणते.

त्या साखळीत रागाच्या खाली जवळजवळ नेहमी दुसरं काहीतरी निघतं. माझ्याकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात चिठ्ठ्या आहेत: वैताग, खट्टू, हिरमुसले, धास्ती, हेवा, लाज, अपमान, ओशाळले, रुखरुख, एकटं, तुटलं. पहिल्या दिवशी मुलं फक्त 'राग' उचलतात. दोन महिन्यांनी एखादी 'लाज' उचलते आणि मुकाट्यानं माझ्या बाजूला सरकवते. आपली भाषा या कामाला फार सोयीची आहे. आपण 'राग आला' म्हणतो, पाहुणा आल्यासारखा. मी मुलांना विचारते, आला ना? किती वाजता आला? गेला किती वाजता? किती मोठा होता? हे मोजायला शून्य ते दहाची पट्टी असते, पण एका मुलानं ती नाकारून स्वतःची केली: वरण, पोह्यावरची तर्री, सावजी. दारातूनच सांगायचा, 'मावशी, शाळेत तर्री होती, घरी आल्यावर सावजी.' आता निम्मी मुलं तीच वापरतात.

तापट हा शब्द तुम्ही वापरलात, पण तो निम्माच आहे. काही मुलांचं मूळचंच असं असतं की भावना चटकन चढते, उंच चढते आणि उतरायला वेळ लावते. आनंदातही तेच, रडण्यातही तेच. अशा मुलाला घरी रोज 'त्यात काय एवढं' ऐकू आलं की ते दोन गोष्टी शिकतं: मला जे होतं ते चूक आहे, आणि मोठ्यानं केल्याशिवाय कोणी ऐकत नाही. हे माझं शहाणपण नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी यावर उपचारपद्धती उभी केली, डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, १९९३ मध्ये तिचं पुस्तक आलं. पुढे २०११ साली त्यांनी जाहीर सांगितलं की सतराव्या वर्षी त्या स्वतःच मनोरुग्णालयात दाखल होत्या, स्वतःला इजा करत होत्या. किशोरवयीन मुलांसाठी ती पद्धत नंतर बदलून घेतली गेली, त्यात आईबापही कौशल्यं शिकायला बसतात. नॉर्वेतल्या ओस्लोत स्वतःला इजा करणाऱ्या ७७ मुलामुलींवर १९ आठवड्यांचा अभ्यास झाला, २०१४ मध्ये छापून आला. नेहमीच्या उपचारांपेक्षा या मुलांचं स्वतःला इजा करणं जास्त कमी झालं. मी एकटी असल्यामुळे ती पद्धत पूर्ण चालवत नाही, गट घ्यायला माणसं लागतात. पण त्यातली कौशल्यं रोज वापरते.

त्यातलं एक आजच सांगून ठेवते. चेहरा थंडगार पाण्यात, श्वास रोखून, पंधरा ते तीस सेकंद. डोळ्यांखालचा भाग भिजला पाहिजे. पाण्यात बुडी मारल्यासारखं शरीराला वाटतं आणि हृदयाचे ठोके खाली येतात. हृदयाचा आजार असेल किंवा जेवण टाकायची सवय असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि हे भडकलेली असताना शिकवायचं नाही. आग लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार होतो. शांत असताना, खेळ म्हणून, तुम्ही दोघांनीही करून बघायचं.

उशीला बुक्के मारायला सांगणारे व्हिडिओ मात्र दाखवू नका. ब्रॅड बुशमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रयोग केला होता. ज्याच्यावर राग आहे त्याचा विचार करत पंचिंग बॅगला मारणारे लोक आणखीच चिडलेले निघाले. 'ईडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत पुतळा जाळणं वर्षातून एकदा शोभतं. रोज संध्याकाळी उशीची मारबत काढली तर राग जात नाही, सराव होतो.

घरचं काम उरलं, आणि तेच मोठं. आठवड्याचे १६८ तास, त्यातला एकही पुरता माझा नाही. दोन पावत्या वेगळ्या फाडायला शिका. भावनेची एक, कृत्याची एक. 'सगळ्यांसमोर काढलं तुला, अपमान वाटला असणार.' इथे पूर्णविराम. 'पण' लावला की पहिली पावती रद्द. फोनचं उद्या: नवा फोन येणार नाही, बटणवाला मिळेल, विषय संपला, आवाज न चढवता. लोक या दोन्ही एकाच पावतीवर फाडतात. एक तर 'बिचारी' म्हणून नवा फोन आणून देतात, नाही तर फोनच्या नुकसानीसाठी तिचं रडणंच खोटं ठरवतात.

आणि चाळीस मिनिटं रडल्यावर हवं ते देणार असाल तर पहिल्याच मिनिटाला द्या. चाळिसाव्या मिनिटाला दिलं तर तिला कळतं की चाळीस मिनिटं लागतात. द्यायचं थांबवलं की आधी सगळं वाढतं, आठ-पंधरा दिवस. बहुतेक घरं तिथेच हात टेकतात.

तीन भेटींत पोरगी बदलून देतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा. माझ्याकडूनही मुलं सुटतात. चंद्रपूरकडून येणारा एक मुलगा होता, चार वेळा आला. पाचव्यांदा वडिलांनी फोनवर सांगितलं, मॅडम, नुसतं बोलून तर राहिले तुम्ही. जाण्यायेण्यात त्यांचा पूर्ण दिवस आणि रोजी जायची, त्यांचंही चूक नव्हतं. पाचव्या भेटीसाठी त्यानं एक चिठ्ठी स्वतः लिहून आणायची कबूल केली होती. अजून कधी कधी वाटतं, त्यावर काय लिहिलं असतं.

बी_कॉमवाली | २१ एप्रिल, दुपारी १:०५

मी वीस वर्षांची आहे, आणि मी ती मुलगी होते. मावशींची नाही, दुसऱ्या मॅडमची.

कूलरवाले काका, तुम्हाला ती अर्ध्या तासानं जेवायला काय आहे विचारते तेव्हा निर्लज्ज वाटते ना? मला आठवतं तसं सांगते. त्या वेळी इतकी लाज वाटते की दुसरं कुठलं वाक्य जिभेवर येतच नाही. सॉरी म्हटलं की सगळं पुन्हा सुरू होईल असं वाटतं. भाजी कोणती आहे, हे एकच वाक्य सुरक्षित असतं. माझी आई तेव्हा म्हणायची, आता बरी भूक लागली. मी ताट सोडून उठायची.

एकदा आईनं फक्त 'वांग्याची आहे, बस' म्हटलं. त्या रात्री मी स्वतःहून तिला हात दाखवला.

अजनीवाले आजोबा, तुम्ही सातही जण बिघडला नाहीत हे छानच. तुमचे वडील घरात आले की तुम्ही सात जण कुठे असायचात?

आजोबा_अजनी | २१ एप्रिल, सायंकाळी ६:४०

मागच्या अंगणात.

बाकी माझं मत तेच आहे.

कूलरवाला_मानेवाडा | २३ एप्रिल, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. मावशी, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. पोळीच्या वाक्यापाशी ती उठून आत गेली, दहा मिनिटांनी आली, म्हणाली पुढचं वाच.

विचारलं पोरीला. गच्चीवर, पाणी मारताना. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं 'नाही, पण कंटाळा येतो.' मग म्हणाली, बाबा तुम्ही आज दुकान लवकर काऊन बंद केलं? शनिवारची वेळ घेतली आहे, नोंदणी क्रमांक मागितला, त्यांनी लगेच दिला. १४४१६ दोघांच्याही फोनमध्ये टाकला. गोळ्यांचा डबा आता दुकानात असतो.

एक सांगू? तुम्ही जे चढणं-उतरणं लिहिलं ते मला माझ्या भाषेत समजलं. मोटर हायवर, पण पंप बंद. पंखा जोरात फिरून राहिला आणि सगळ्या घरात गरम हवा. लोक मला फोन करतात की मोटर खराब आहे. मोटर चांगली असते, ताट्या कोरड्या असतात.

अडचण एक. थंड पाण्याचं करून पाहिलं. चव्वेचाळीस डिग्री आहे, गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला चहासारखं येते. पोरगी म्हणते यानं तर राग वाढेल.

बोलणारी_मावशी | २४ एप्रिल, सकाळी ८:१५

हसले. चूक माझी, नागपूरच्या एप्रिलमध्ये नळ विसरले. माठाचं पाणी घ्या, घमेल्यात काढा, चार बर्फाचे खडे टाका. बर्फ नसेल तर ओला रुमाल फ्रीजमध्ये ठेवून डोळ्यांवर आणि गालांवर धरायचा. तिथपर्यंत पोचायला वेळ लागणार असेल तर नुसता श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब हवं, तेवढं लक्षात ठेवा.

'कंटाळा येतो' हे शनिवारी मॅडमना त्याच शब्दांत सांगा. तेरा वर्षांची मुलं उदासीला बरेचदा कंटाळा म्हणतात. कदाचित नुसता कंटाळाच असेल, पण ते त्यांना ठरवू द्या. आणि ताटी-पंपाची गोष्ट मी उचलते आहे, पैसे मिळणार नाहीत.

कूलरवाला_मानेवाडा | १६ जून, रात्री १०:४५

धागा वर आणतो, दोघा-तिघांनी व्यक्तिगत निरोपात विचारलं होतं म्हणून.

सात भेटी झाल्या. पैकी दोन आम्हा नवराबायकोच्याच. मॅडमनी मला वही दिली तर त्यात आठवडाभर माझ्या रकान्यात एकच गोष्ट: दुकानात होतो. मॅडम काही बोलल्या नाहीत, वही माझ्याकडे फिरवून ठेवली. आता मंगळवारी आणि शुक्रवारी पोऱ्या दुकान बंद करतो, मी आठला घरी. सीझनमध्ये हे परवडलं नाही, खोटं काऊन बोलू. बायको पहिल्या भेटीला आली नव्हती, दुसरीपासून येते. मॅडमनी सायकिअॅट्रिस्टलाही एकदा दाखवायला लावलं. त्यांनी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन आठ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, तेवढ्याच.

मधले पंधरा दिवस वाईट गेले. मावशी म्हणाल्या होत्या तसंच, आधी वाढलं. बटणवाला फोनही गेला. एका रात्री मीच ओरडलो, दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगताना मान खाली. त्या म्हणाल्या, तुमची साखळी काढू या. माझ्या अकरा कड्या निघाल्या, पहिली कडी दुपारचं जेवण राहिलं ही.

हातावर नवीन काही नाही, बायकोला ती स्वतः दाखवते. भडकणं आहे, पण दीड तासाचं वीस-पंचवीस मिनिटांवर आलं. घमेलं तिनं आपल्या खोलीत नेऊन ठेवलं आहे, कोणी हात लावायचा नाही.

कालचं सांगतो आणि थांबतो. मृग लागून आठ दिवस झाले, पाऊस नाही, बेचाळीस डिग्री. मी घरी आलो तर स्वयंपाकघरात माठ फुटून पाणीच पाणी, आणि पोरगी मधोमध उभी. मी आणि बायको दोघंही काही बोललो नाही, पण दोघांनी आधी तिच्याकडेच पाहिलं. ती म्हणाली, "मांजरीनं पाडला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ओट्याच्या खालून शेजाऱ्यांचं मांजर निघालं, ओलं, आणि खिडकीतून गेलं.

ती काही बोलली नाही. तर्री होती, मला दिसत होतं, सावजी व्हायला वेळ नव्हता. मी म्हटलं, "आम्ही तुझ्याकडेच पाहिलं. वाईट वाटलं असणार." जीभ 'पण' म्हणायला वळली होती, धरून ठेवली. ती म्हणाली, "हो." आणि पोछा आणायला गेली.

आज सकाळी मी आणि पोरगी जाऊन नवा माठ आणला. तोटीवाला घ्यायचा की बिनतोटीचा, यावर माठवाल्यासमोर आमचं भांडण झालं. बिनतोटीचा आणला, तोटीतून घमेलं लवकर भरत नाही म्हणून.